वर्तुळ, जाळी आणि ध्वज : कुवेतमधील फेकीच्या खेळांचा इतिहास

मैदानी खेळांतील गोळाफेक, थाळीफेक, हातोडाफेक आणि भालाफेक हे चार प्रकार एकाच कुळातले मानले जात असले, तरी त्यांच्या गरजा एकसारख्या नाहीत, आणि कोणत्या देशात कोणता प्रकार रुजला हे पाहू गेल्यास त्या देशातील शाळा, क्रीडासंस्था आणि राज्यकारभार यांचा इतिहासच हाती लागतो. कुवेत हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. १९५७ च्या जनगणनेत ज्याची लोकसंख्या दोन लाखांच्या थोडी वर भरली, ज्याला १९६१ साली स्वातंत्र्य मिळाले, अशा या वाळवंटी किनारपट्टीच्या देशाने आशियाई स्पर्धांत फेकीच्या प्रकारांत स्वतःची ओळख निर्माण केली, आणि ही ओळख हलक्या भाल्यापेक्षा जड गोळ्यामुळे आणि त्याहूनही अवघड अशा हातोड्यामुळे ठळक झाली.

पुरुषांचा भाला ८०० ग्रॅम वजनाचा आणि २.६ ते २.७ मीटर लांबीचा असतो. त्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून पकड केलेली असते, खेळाडू सरळ धावपट्टीवरून धावत येऊन तो खांद्यावरून फेकतो, आणि जमिनीला भाल्याचे टोक प्रथम लागले तरच फेक वैध ठरते. हातोडा हा नावापुरताच हातोडा आहे. धातूचा गोळा, त्याला जोडलेली पोलादी तार आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला मूठ, असे त्याचे रूप आणि एकूण ७.२६ किलो वजन असते, खेळाडू २.१३५ मीटर व्यासाच्या काँक्रीटच्या वर्तुळात टाचेवर आणि चवड्यावर तीन किंवा चार गिरक्या घेतो, प्रत्येक गिरकीला गोळ्याचा वेग वाढत जातो, हातांवर पडणारा ताण फेकणाऱ्याच्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट होतो, आणि अखेरच्या क्षणी मूठ सोडली जाते. मूठ क्षणभर लवकर किंवा उशिरा सुटली तर गोळा भलत्याच दिशेला जातो, म्हणून वर्तुळाभोवती उंच जाळी उभारावी लागते. भाल्याची प्राथमिक ओळख मोकळ्या माळावर बांबूनेही होऊ शकते. हातोड्याला मात्र पक्के वर्तुळ, जाळी आणि पायांच्या हालचालींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा प्रशिक्षक या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून लागतात. त्यामुळे हातोडाफेकीचा इतिहास हा व्यक्तीच्या जिद्दीइतकाच तिच्यामागे उभ्या असलेल्या संस्थांचा इतिहास असतो, आणि संस्था डळमळल्या की त्याचा फटका वर्तुळातल्या माणसाला बसतो. कुवेतच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या.

तेल सापडण्यापूर्वीचे कुवेत शरीरकष्टांवर जगत होते. उन्हाळ्याचे चार महिने मोत्यांच्या शोधात समुद्रावर घालवायचे आणि उरलेल्या काळात शत्त-अल-अरबच्या काठचा खजूर जहाजांत भरून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला न्यायचा, परतताना मलबारचे लाकूड आणायचे, हा तिथल्या मोठ्या वर्गाचा वर्षक्रम होता. जहाजाच्या प्रमुखाला तिथे ‘नोखदा’ म्हणत, आणि कोकणातला ‘नाखवा’ हा शब्द त्याच फारसी मुळापासून आलेला असल्याने मराठी वाचकाला तो परका वाटू नये. पाणबुड्या, म्हणजे ‘गैस’, पायाला दगड बांधून आणि नाकाला चिमटा लावून तळाशी जाई, आणि नावेत उभा असलेला ‘सैब’ त्याला दोरीने वर ओढी. दिवसभरात अशा कित्येक बुड्या होत, आणि सैबाच्या खांद्यांना व मनगटांना विश्रांती ठाऊक नसे. त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती, आणि रुपया तर १९६१ साली कुवेती दिनार येईपर्यंत तिथले चलन होता. या दोरी ओढणाऱ्या हातांतूनच पुढे गोळाफेक करणारे हात निर्माण झाले, असा सरळ धागा जोडण्याचा मोह होतो, आणि कुवेतच्या क्रीडापरंपरेचा गौरव करताना तो जोडलाही जाईल. परंतु तो इतिहासाला धरून नाही. जपानी संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी मोत्यांचा धंदा बुडवला, १९३८ मध्ये बुरगान येथे तेल सापडले, ३० जून १९४६ रोजी तेलाची पहिली निर्यात झाली, आणि समुद्रावर जाणारी ती पिढी पाहता पाहता पगारी नोकरीत शिरली. सैब आणि गोळाफेकपटू यांच्यामधला खरा दुवा शाळा हा आहे.

कुवेतमधील मुबारकिया शाळा १९११ साली व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून सुरू झाली, तेव्हा तिचा हेतू हिशेब आणि पत्रव्यवहार जाणणारे तरुण तयार करणे हा होता; अहमदिया शाळा १९२१ मध्ये आली. १९३६ मध्ये शिक्षण मंडळ स्थापन होऊन पॅलेस्टाइनमधून शिक्षक बोलावले गेले, आणि त्यानंतरच्या काळात इजिप्तमधूनही शिक्षक आले. शारीरिक शिक्षण हा वेगळा विषय म्हणून शिकवणे, मैदान आखणे, अंतर मोजणे आणि ते वहीत नोंदवणे या सवयी अशा शिक्षकवर्गाबरोबर येतात. १९५३ मध्ये शुवैख येथे उघडलेली माध्यमिक शाळा ही या विकासाची खूण म्हणता येईल, कारण तिच्या विस्तीर्ण आवारात वसतिगृहे आणि क्रीडांगणे होती, आणि तेलाचा पैसा शिक्षणात कसा ओतला जात होता हे तिच्याकडे पाहूनच कळे. याच दशकात, १९५७ मध्ये, १९२० साली शहराभोवती घाईघाईने बांधलेली मातीची तटबंदी पाडण्यात आली आणि तिच्या फक्त वेशी राखल्या गेल्या. त्याच वर्षी कुवेतची ऑलिंपिक समिती स्थापन झाली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नसला, तरी त्या एकाच वर्षी घडाव्यात यात त्या काळाची चाल दिसते: शहर तटाबाहेर पसरत होते आणि देश स्वतःचे नाव जगाच्या यादीत लिहू पाहत होता.

स्वातंत्र्याच्या सुमारास क्लबांची रचना उभी राहिली. अल-अरबी, अल-कादसिया आणि कुवेत स्पोर्टिंग क्लब हे तीन मोठे क्लब १९६० मध्ये आकाराला आले. अरब देशांत क्लब म्हणजे केवळ फुटबॉलचा संघ नव्हे. त्याच्या छत्राखाली हँडबॉल, पोहणे, ॲथलेटिक्स असे अनेक विभाग असतात, त्यांचा खर्च बहुतांशी शासनाच्या अनुदानातून चालतो, आणि शाळेत नजरेत भरलेला मुलगा पुढे त्या विभागात दाखल होतो. लोकप्रियता फुटबॉलची, पण त्या लोकप्रियतेच्या सावलीत थाळी आणि गोळा फेकणाऱ्यालाही जागा, साहित्य आणि प्रशिक्षक मिळावा, ही या रचनेची जमेची बाजू होती. तिची उणी बाजू अशी की क्लब शासनाच्या पैशावर उभे असल्याने त्यांच्या निवडणुका, कायदे आणि वाद हे शासनाचेच प्रश्न होऊन बसले, आणि पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीशी जो संघर्ष झाला त्याचे बीज इथेच पडले होते.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने कुवेतला १९६६ मध्ये मान्यता दिली, आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कुवेतचे खेळाडू पहिल्यांदा उतरले. १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धांपासून कुवेत आशियाई कुटुंबात आले. याच पर्वात मोहम्मद अल-झंकावी हे नाव गोळाफेकीत पुढे आले आणि ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. झंकावी हे कुलनाम कुवेतच्या फेकीच्या इतिहासात वारंवार भेटते: गोळाफेकीत मोहम्मद, हातोडाफेकीत अली, थाळीफेकीत ईसा. जिथे खेळाडूंची संख्याच मर्यादित असते अशा लहान देशात एखादे कुलनाम एखाद्या खेळाशी असे जोडले जाणे अस्वाभाविक नाही. मराठी मुलखात कुस्तीच्या तालमींभोवती जशी घराणी दिसतात, तशीच ही गोष्ट आहे, आणि दोन्हीकडे त्यामागे अनुकरणाची तीच साधी प्रेरणा असावी.

१९८० च्या दशकाचा आरंभ हा कुवेतच्या क्रीडाजीवनाचा सर्वांत उंच काळ होता. १९८२ मध्ये त्यांचा फुटबॉल संघ स्पेनमधील विश्वचषकात खेळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवी दिल्लीत आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने आशियाई ऑलिंपिक परिषद स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद शेख फहद अल-अहमद अल-सबाह यांच्याकडे आले, आणि परिषदेचे मुख्यालय कुवेतमध्ये गेले. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा कुवेत शहरात भरली. भारतीय वाचकाला ही स्पर्धा पी. टी. उषा यांच्या ४०० मीटरच्या सुवर्णपदकामुळे आठवते. परंतु यजमानांच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे होते, कारण आशियाच्या खंडीय पातळीची ही स्पर्धा भरवायची म्हणजे प्रमाणित धावपट्टी, फेकींची वर्तुळे आणि क्षेत्रे, प्रशिक्षित पंच आणि मोजणीची व्यवस्था हे सारे देशात उभे करावे लागते, आणि पाहुणे परतल्यावर ते मागे उरते.

त्या स्पर्धेत जो भाला फेकला गेला, तो आजचा नव्हे. जुन्या घडणीच्या भाल्याचा गुरुत्वमध्य मागे असल्याने तो हवेत तरंगत जाई आणि पुष्कळदा आडवा उतरे, तेव्हा टोक आधी लागले की शेपूट, हे ठरवताना पंचांची पंचाईत होई. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होन याने १०४.८० मीटर फेक केल्यावर मैदानेच अपुरी पडू लागली, आणि १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला, जेणेकरून भाला लवकर नाक खाली करून जमिनीत रुतावा. तरंगणाऱ्या भाल्यावर वाऱ्याची सत्ता चालते, आणि आखातात तर ‘शमाल’ हा वायव्येचा धुळीचा वारा वाहतो. हातोड्याला वाऱ्याची तितकी तमा नसते. ७.२६ किलोचा हातोडा आपल्या वाटेने जातो, आणि उन्हाळी दिवस मावळल्यावर दिव्यांच्या उजेडात बंदिस्त जाळीत त्याचा सराव होऊ शकतो. कुवेतचा उन्हाळा किती कठोर असतो याची कल्पना एका आकड्यावरून यावी: २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि जागतिक हवामान संघटनेने ती नोंद तपासून मान्य केली.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने आक्रमण केले. पहिल्याच दिवशी दसमान राजवाड्यापाशी शेख फहद अल-अहमद मारले गेले. त्यानंतरचे सात महिने कुवेतचा क्रीडाव्यवहार, त्याच्या इतर साऱ्या व्यवहारांप्रमाणे, विस्कटला. देश सोडून गेलेल्यांत लाखांहून अधिक भारतीय होते, आणि अम्मानमार्गे त्यांना परत आणणारी एअर इंडियाची उड्डाणे अनेक मराठी घरांच्याही आठवणीत आहेत. तरीही त्या सप्टेंबरमध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कुवेतचे पथक संचलनात चालले, आणि इराकला त्या स्पर्धांतून वगळण्यात आले. ज्याची भूमी परक्या सैन्याच्या ताब्यात आहे अशा देशाचा ध्वज मैदानावर फडकणे, हा खेळाच्या इतिहासातला विलक्षण प्रसंग होता. वीस वर्षांनी याच्या उलट चित्र दिसले, तेव्हा देश शाबूत होता आणि ध्वज मात्र नव्हता.

अली अल-झंकावी याची कारकीर्द आक्रमणानंतरच्या या दुसऱ्या पर्वातली. १९८४ मध्ये जन्मलेला हा हातोडाफेकपटू २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये उतरला. त्याच ऑलिंपिकमध्ये दाना अल-नसरल्ला ही धावपटू कुवेतची पहिली महिला ऑलिंपिकपटू ठरली. २००७ मध्ये अम्मान येथे आणि २०११ मध्ये कोबे येथे अली आशियाई विजेता झाला. त्याची सर्वोत्तम फेक ७९.७४ मीटर आहे. ऐंशी मीटर ही हातोडाफेकीतली प्रतिष्ठेची रेषा असून तिच्यापासून तो जेमतेम एका वितीइतका दूर राहिला, आणि आशियात त्या काळी त्याच्याशी बरोबरी करू शकणारे मोजकेच होते. त्यांत ताजिकिस्तानचा दिलशोद नझारोव्ह हा त्याचा प्रमुख प्रतिस्पर्धी होता.

नेमक्या याच वर्षांत कुवेतचा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीशी वाद पेटला. राष्ट्रीय क्रीडासंस्थांच्या कारभारात शासनाला हस्तक्षेप करू देणारे कायदे ऑलिंपिक सनदेशी विसंगत आहेत, असे समितीचे म्हणणे होते, तर क्लब आणि संघटना सार्वजनिक पैशावर चालतात म्हणून त्यांच्यावर कायद्याचा अंकुश असलाच पाहिजे, अशी दुसरी बाजू होती. दोन्ही युक्तिवादांत तथ्य होते, आणि दोन्हींच्या मध्ये सापडला तो खेळाडू. २०१० च्या आरंभी समितीने कुवेतला निलंबित केले. त्या वर्षीच्या ग्वांगझू आशियाई स्पर्धांत कुवेतचे खेळाडू ऑलिंपिक ध्वजाखाली खेळले, आणि अलीने हातोडाफेकीत नझारोव्हच्या मागोमाग मिळवलेले रौप्यपदक त्याच ध्वजाखालचे होते. जुलै २०१२ मध्ये, लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर, निलंबन उठले. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते पुन्हा लादले गेले.

या दुसऱ्या निलंबनाची पूर्ण किंमत दक्षिण अमेरिकेत, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, मोजावी लागली. तिथे ‘स्वतंत्र ऑलिंपिक खेळाडू’ या नावाखाली कुवेतचे नऊ जण उतरले, ते नेमबाजी, पोहणे आणि तलवारबाजी या खेळांतले. मैदानी खेळांचा एकही खेळाडू त्यांत नव्हता. लष्करातील अधिकारी असलेले नेमबाज फहैद अल-दैहानी यांनी उद्घाटनाच्या संचलनात ऑलिंपिक ध्वज धरण्यास नकार दिला, आपण सैनिक आहोत आणि कुवेतचाच ध्वज धरू अशी त्यांची भूमिका होती, आणि १० ऑगस्टला त्यांनी डबल ट्रॅप प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तेव्हा विजयमंचावर वाजले ते ऑलिंपिक गीत. त्याच स्पर्धेत हातोडाफेकीचे सुवर्ण नझारोव्हला ७८.६८ मीटरला मिळाले. हा आकडा अलीच्या सर्वोत्तम फेकीपेक्षा मीटरभराने कमी आहे. सर्वोत्तम फेक रोज होत नाही आणि ऑलिंपिकच्या दिवशी तर क्वचितच होते, म्हणून या तुलनेवरून अलीचे पदक हुकले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण ज्या वर्तुळात त्या वर्षी आशियाई हातोडा जिंकला, त्या वर्तुळात कुवेतचे पाऊल पडले नाही, एवढे त्यावरून निश्चित सांगता येते.

रिओच्या भालाफेकीच्या अंतिम फेरीत दक्षिण अमेरिकेचा ब्रायन टोलेडो दहावा आला, आणि त्याच्या कारकिर्दीशी अलीची कारकीर्द ताडून पाहणे उपयोगाचे आहे. अर्जेंटिनातील ब्यूनोस आयरेस प्रांतातील मार्कोस पास या गावात गरीब घरात वाढलेल्या या मुलाला गुस्ताव्हो ओसोरिओ या प्रशिक्षकाने भाल्याकडे वळवले. २०१० मध्ये सिंगापूरच्या युवा ऑलिंपिकमध्ये तो विजेता झाला, प्रौढ गटात त्याने ८३.३२ मीटरपर्यंत मजल मारली, लंडन आणि रिओ ही दोन ऑलिंपिक तो खेळला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये वयाच्या अवघ्या सव्वीसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याचा अंत झाला. टोलेडोच्या वाटेत पैशाची आणि साधनांची अडचण होती, पण त्याच्या छातीवरच्या देशाच्या नावाबद्दल कोणी प्रश्न विचारला नाही. अलीच्या देशाकडे मैदान, जाळी आणि निधी होता, आणि तरीही त्याच्या उमेदीच्या वर्षांत त्या नावाचाच भरवसा नव्हता. फेकीच्या खेळाडूची उमेदीची वर्षे फार तर दहा-बारा असतात. त्यांतली किती वर्षे संस्थांच्या भांडणात गेली, याचा हिशेब पदकतालिकेत कुठेच दिसत नाही, आणि म्हणून तो इतिहासकाराने मांडला पाहिजे.

निलंबन २०१८ च्या ऑगस्टमध्ये जकार्ता आशियाई स्पर्धांच्या दोन दिवस आधी तात्पुरते आणि जुलै २०१९ मध्ये कायमचे उठले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा कुवेतमध्ये झाली, आणि १९८३ नंतर जवळपास चार दशकांनी खंडभरातले तरुण फेकपटू तिथल्या वर्तुळांत उभे राहिले.

या इतिहासाची एक शाखा दिव्यांगांच्या खेळांत वाढली, आणि ती मुख्य खोडाइतकीच सकस आहे. दिव्यांगांसाठीचा कुवेतचा क्लब १९७७ चा, आणि १९८० पासून कुवेत पॅरालिम्पिकमध्ये आहे. या स्पर्धांत फेकीच्या प्रकारांना ‘एफ’ या अक्षराने आणि एका आकड्याने ओळखले जाते. आकडा शरीरातील कमतरतेचा प्रकार सांगतो, जसे ‘एफ ६३’ म्हणजे गुडघ्यावरून एक पाय गेलेले आणि कृत्रिम पायावर उभे राहून फेकणारे, तर ‘एफ ४६’ म्हणजे एका हातात कमतरता असलेले खेळाडू. महाराष्ट्राला ही परंपरा अनोळखी नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताचे पहिले सुवर्ण मिळवले, आणि त्याच स्पर्धेत ते भालाही फेकले होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सांगलीच्याच आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी याने एफ ४६ गटात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेतले. त्याच स्पर्धेत एफ ६३ गटात कुवेतचा फैसल सुरूर कृत्रिम पाय वर्तुळात रोवून उभा राहिला, त्याचा गोळा १५.३१ मीटरवर पडला, पहिला क्रमांक त्याचा ठरला, आणि पदक गळ्यात पडताना जो ध्वज वर चढवला गेला तो हिरव्या, पांढऱ्या, लाल आणि काळ्या रंगांचा, कुवेतचा होता.